दोराचं दुसरं टोक

१

सुका हाडळ खड्ड्यातून वर येत असताना दोर तुटला आणि तो पुन्हा तळाशी गेला.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतला तो तारेचा एक लहानसा कारखाना. तारेवरचा गंज घालवण्यासाठी तिची भेंडोळी हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत बुडवून काढतात. टाकीतून ठिबकणारं ॲसिड शेजारच्या खोल खड्ड्यात साचतं आणि तळाला गाळ धरतो. तो गाळ काढायला सुका उतरायचा. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोराचं वरचं टोक देवू काटेलाच्या हातात. देवू सुकाचा मेव्हणा. सुकाच्या बायकोचा, सुलूचा, सख्खा भाऊ.

“वाफ चढली, वर घे,” असं सुका खालून ओरडला. देवूनं ओढायला घेतलं. सुका अर्ध्यावर आला असेल, तोच हातातलं वजन गेलं आणि देवू पाठीवर आपटला. माणसं जमली, शिडी लावून सुकाला बाहेर काढलं. मालकाचा मुलगा मितेश यानं आपल्या गाडीत घालून त्याला इस्पितळात नेलं. देवू मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सुका गेला.

पोलिसांनी कारखान्यातून दोर ताब्यात घेतला होता. त्याचं टोक सरळ होतं. सुरीनं कापल्यासारखं.

त्याच्या थोडे दिवस आधी एका लग्नात, सगळ्या पाड्यासमोर, देवू सुकाला म्हणाला होता, “माझ्या बहिनीला परत हात लावलास तर याद राख. तुझा दोर माझ्या हातात हाय.”

हे पोलिसांना कुणा परक्यानं सांगितलं नाही. सुलूनं सांगितलं, आणि देवू कोठडीत गेला.

२

हेमांगी चुरी यांची प्रयोगशाळा बोईसरला, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या जागेत होती. प्लॅस्टिकच्या वस्तू का फुटतात, का फाटतात, का पिवळ्या पडतात, हे शोधून देणं हे त्यांचं काम. ड्रम तडकला, पाइप उकलला, ताडपत्री विरली की कारखानदार तुकडा घेऊन त्यांच्याकडे येत. दरवर्षी काही मुलंही हे काम शिकायला त्यांच्याकडे येत. केस पिकलेले, बोलणं मोजकं. पोलिसांनीही एकदोनदा त्यांचा सल्ला घेतला होता.

देवूची बायको बायडी दारात उभी राहिली तेव्हा त्यांना वाटलं, कामासाठी कुणी आलंय.

“तुमी पलास्टिकचं बघता ना?” बायडीनं विचारलं. “दोर बी पलास्टिकचाच हाय. माझा नवरा बोलतो, मी नाय कापला. तुमी बघाल?”

“माझ्याकडे कुणी पाठवलं तुला?”

“कारखान्यातल्या बाया बोलल्या. तिथले जितेशसायेब तुमच्याकडं शिकले ना?”

हेमांगीबाईंचा चेहरा जरा उजळला. जितेश घरत, सफाळ्याचा. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या मुलांमधला सगळ्यात हुशार. त्या तार कारखान्यात सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून त्याला चिकटवणाऱ्याही त्याच. त्यांनी त्याला लगेच फोन लावला.

“फार वाईट झालं, मॅडम,” जितेश म्हणाला. “मला रात्रीची झोप नाही. पण दोर कापलेलाच आहे. मी डोळ्यांनी पाहिलाय.”

त्या पोलीस ठाण्यात गेल्या. फौजदारांनी पिशवीतून दोर काढून दाखवला. पांढरा, बोटाएवढा जाड. बाईंनी भिंग लावून टोक पाहिलं. सगळे धागे एका रेषेत, एकाच उंचीवर तुटलेले. तणावानं तुटलेल्या दोराचे धागे कधीच असे राहत नाहीत. त्यांचा कमीजास्त लांबीचा झुबका होतो.

बाहेर बायडी पायरीवर बसली होती. आसपास पाड्यावरची आणखी चारदोन माणसं होती.

“दोर कापलेलाच आहे,” हेमांगीबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या. “मी खोटं सांगू शकत नाही.”

 बायडीनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि ती उठली. माणसांनी तिला वाट दिली, पण ती वाट आदरानं दिलेली नव्हती.

घरी परतताना रिक्षात बाईंच्या मनात एक साधी गोष्ट आली, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. दोर तुटला तर त्याची टोकं दोन होतात. त्यांनी एकच पाहिलं होतं आणि एका बाईला चारचौघांत खुन्याची बायको ठरवून टाकलं होतं.

दुसरं टोक सुकाच्या पट्ट्याला बांधलेलं होतं. ते कुठं होतं?

३

“भावाची वकिली कराया आलात?” सुलूनं दारातूनच विचारलं.

मनोरच्या बाजूला डोंगराच्या उतारावर तिचं कुडाचं घर होतं. ओटीवर दोन लहान मुली चिंचोके मांडून बसल्या होत्या.

“मी कुणाचीच वकिली करत नाही,” हेमांगीबाई म्हणाल्या. “काल मी अर्धंच पाहून बोलले. उरलेलं बघायला आलेय. इस्पितळातून तुला सुकाचे कपडे दिले असतील ना?”

सुलूनं कुंपणाकडे बोट केलं. खांबाला एक प्लॅस्टिकची पिशवी अडकवलेली होती. तिला ॲसिडचा वास होता म्हणून घरात घेतली नव्हती, आणि फेकवतही नव्हती. पोलिसांनी ती मागितलीच नव्हती. त्यांच्या लेखी पुरावा म्हणजे देवूच्या हातातला दोर.

बाईंनी हातमोजे घातले. पिशवीत फाटलेला शर्ट होता, डॉक्टरांनी कापून काढलेला पट्टा होता आणि पट्ट्याला गाठ मारलेला, वीतभर लोंबणारा दोर. त्यांनी त्याचं टोक चिमटीत धरलं. धागे पिवळट पडून कडक झाले होते. जरा दाबले तर त्यांचा चुरा झाला आणि तळहातावर पिठासारखा पडला.

“हे कापलेलं नाही,” त्या हळू म्हणाल्या. “हे कुजलेलं आहे.”

“कुजलं? पलास्टिक कुजतं?”

बाईंनी दोराचा चांगला राहिलेला पेरभर तुकडा कापून घेतला. सुलूच्या बादलीत टाकला. तो सरळ तळाला गेला.

“ॲसिडच्या कामाला जो दोर वापरतात तो पाण्यावर तरंगतो. पॉलिप्रॉपिलिनचा असतो तो. हा बुडाला.” मग त्यांनी दोन धागे काडीवर जाळले. केस जळल्यासारखा वास सुटला, तशी मोठी मुलगी नाक दाबून उठली. “हा नायलॉन आहे. ओढायला एकदम मजबूत. जहाजं बांधतात यानं. पण ॲसिड याला आतून खातं. वाफेनंसुद्धा. वरून पांढरा दिसतो आणि एक दिवस तुटून हातात येतो.”

सुलू ऐकत होती. तिच्या तोंडावरचा राग उतरत गेला आणि त्या जागी काही दुसरंच आलं.

“म्हनजे देवूनं नाय कापला?”

“पोलिसांकडचं टोक कापलेलं आहे आणि हे कुजलेलं. एका ठिकाणी तुटलेल्या दोराची दोन टोकं अशी वेगळी होऊच शकत नाहीत. सुका पडल्यानंतर कुणीतरी वरच्या दोराचं कुजकं टोक कापून टाकलंय. देवूनं हे करून स्वतःलाच कशाला अडकवून घ्यावं?”

सुलू ओटीवर येऊन बसली.

“कंपनीचा पिवळा दोर होता आधी,” ती म्हणाली. “तो कुनी नेला. दोन डाव हा तसाच उतरला, बिनदोराचा. मला भ्या वाटलं. मी मनोरच्या बाजारात गेले. दुकानदाराला बोलले, सगळ्यात मजबूत दे.” तिनं पिशवीकडे पाहिलं. “तो पांढरा दोर मी आनलेला हाय, बाई.”

४

कारखान्यात हेमांगीबाई आधी मितेशला भेटल्या. पस्तिशीचा, मऊ बोलणारा माणूस. सुकाचं नाव निघताच तो टेबलावरचं पेपरवेट फिरवायला लागला.

“मॅडम, मी पिवळा दोर मागितला होता, खरं आहे. गोदामाचे पत्रे उडत होते, ताडपत्री बांधायची होती. पण मी जितेशला सांगितलं होतं ने, खड्ड्यासाठी नवीन मागव.”

“मग आला का?”

“पुढच्या ऑर्डरला येणार होता.” तो थांबला. “तोपर्यंत सुका स्वतःचा घेऊन आला. मी बघितला, एकदम सॉलिड दिसत होता. मला वाटलं, आपल्यापेक्षा भारी वस्तू आहे.”

बाईंना आधी त्याचाच संशय होता. चिंगूस मालकानं हलका दोर दिला असेल, असं त्यांनी मनात धरलं होतं. पण नायलॉन हलका नव्हता, महाग होता, आणि तो मालकानं दिलेलाच नव्हता. शिवाय गाडी मितेश चालवत होता. इस्पितळातून तो परतला तोवर पोलीस दोर घेऊन गेले होते.

मग भांडारपाल विनोद किणी. केळव्याकडचा, बोलका. तो बाईंना मागच्या गोदामावर घेऊन गेला. ताडपत्रीवर पिवळा दोर करकचून बांधलेला होता.

“हा बघा, मॅडम, आपला नायलॉनचा दोर.”

“हा नायलॉन आहे?”

“नायलॉनच की. पिवळा नायलॉन, पांढरा नायलॉन. सगळे तेच ना?” विनोद हसला. मग त्याला प्रसंग आठवला आणि हसू विरलं.

“त्या दिवशी गाडी निघून गेल्यावर खड्ड्यापाशी कोण होतं?”

“मी आणि जितेशसाहेब. बाकीच्यांना मीच गेटाबाहेर काढलं, फार गर्दी झाली होती. परत आलो तर साहेब दोर गुंडाळून घेऊन येत होते. म्हणाले, पोलीस येतील, कुलुपात ठेव. मी ठेवला.”

“त्याचं टोक पाहिलंस?”

“नाही बुवा. अंगावर काटा येत होता.”

“तुला काय वाटतं, ॲसिडनं दोर खराब झाला असेल?”

विनोदनं मान हलवली. “प्लॅस्टिकला ॲसिडनं काय होतंय, मॅडम? ॲसिड येतंच मुळी प्लॅस्टिकच्या ड्रममधून.”

दोघांपैकी एकानं दोर कापला होता. विनोदला एकट्याला संधी नव्हती असं नाही. दोर त्याच्याच कुलपात होता. आणि दुसरा जितेश होता. हेमांगीबाईंनी ठरवलं, आधी विनोदचा माग काढायचा. असं का ठरवलं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

५

देवूला भेटायला फौजदारांनी थोडा वेळ दिला. तो भिंतीला पाठ लावून बसला होता. बाईंना पाहून उठला, पण नजर वर केली नाही.

“तू ते बोलला होतास? लग्नात?”

“बोललो.” त्याचा आवाज बसला होता. “पिऊन नाय, शुद्धीत बोललो. सुलूच्या गालावर वळ होता. ते बोललो त्याची मला लाज वाटते. पन मी त्याला पाडला नाय. त्याच्या पोरी माझ्या अंगाखांद्यावर वाढल्या.”

“दोर ओढत होतास तेव्हा काय झालं, सावकाश सांग.”

“सुका वर येत व्हता. लाल पट्टी माझ्या हातात आली. मंग जरा पुढं ओढला आनि गेला.”

“कसली लाल पट्टी?”

“वायरमन गुंडाळतात ती. सुकानं दोराला लावलेली, चार येढे. ती खड्ड्याच्या तोंडाशी आली का मी समजायचं, हा तळाला टेकला. आता सोडायचा नाय.”

“आणि दोर तुटला तो पट्टीच्या खाली? सुकाच्या बाजूला?”

“व्हय. पट्टी माझ्या मुठीत व्हती. मी पडलो तवा बी मुठीतच व्हती. मंग दोर टाकला आनि खड्ड्याकडं धावलो.”

बाईंनी फौजदारांना पुन्हा पिशवी उघडायला लावली. दोर टेबलावर शेवटपर्यंत पसरला. पांढरा, पांढरा, पांढरा. लाल पट्टी कुठंच नव्हती. सुलूकडच्या तुकड्यावरही ती नव्हती.

म्हणजे कुणीतरी पट्टीच्या वरून दोर कापला होता. पट्टी आणि कुजकं टोक असलेला तुकडा गेला होता. तो सापडला तर देवू सुटणार होता.

“फेकला असेल नाल्यात,” फौजदार म्हणाले. “आता कुठं मिळणार?”

विनोदनं तो कापला असता तर नाल्यातच फेकला असता, बाईंच्या मनात आलं. किंवा जाळला असता. पण ज्याला ठाऊक आहे की नायलॉन कशात नाहीसा होतो, त्याला नाल्यापर्यंत जायची गरजच नव्हती. टाकी चार पावलांवर होती.

 ही गंमत त्या स्वतः दरवर्षी नव्या मुलांना दाखवत. काचेच्या ग्लासात ॲसिड, त्यात नायलॉनचे धागे. थोड्या वेळात धागे गायब. मुलं डोळे विस्फारून बघत. एका वर्षी पुढच्या बाकावर बसून जितेशनं विचारलं होतं, “मॅडम, काहीच शिल्लक राहत नाही?” आणि त्या अभिमानानं म्हणाल्या होत्या, “काहीच नाही.”

६

टाकीतलं ॲसिड पंपानं फिरवलं जातं आणि पंपाच्या आधी एक जाळी असते. तिच्यात अडकलेला गाळ एका निळ्या ड्रममध्ये टाकतात आणि ड्रम भरला की विल्हेवाटीला पाठवतात. तो ड्रम अजून भरलेला नव्हता. फौजदारांच्या समोर दोन कामगारांनी रबरी हातमोजे चढवून तो उपसायला घेतला. काळपट गाळ, तारेचे तुकडे, गंजाचे पोपडे.

जितेश आपल्या खोलीतून बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांखाली काळं. त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला, नेहमी करायचा तसा.

“काय शोधताय, मॅडम?”

“तू सांग ना,” बाई म्हणाल्या.

तो ड्रमकडे पाहत राहिला.

एका कामगारानं चिमट्यानं काहीतरी उचललं आणि पाण्याखाली धुतलं. ते लाल होतं. बांगडीसारखं गोल, मधून पोकळ. वायरवर गुंडाळायच्या पट्टीचे चार वेढे, एकमेकांना घट्ट चिकटलेले, आणि आत काहीच नाही. बाईंनी ते उजेडाकडे धरलं. आतल्या बाजूला दोराच्या पिळाचे वळ स्पष्ट उमटलेले होते.

“ही पट्टी पीव्हीसीची आहे,” त्या फौजदारांना म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. “ॲसिड हिचं काही बिघडवत नाही. हिच्या आत नायलॉन होता, तो विरघळून गेला. पट्टी दोराचा आकार धरून राहिली.”

“पण ती आपोआप पडली नसेल कशावरून?”

“दोर तुटला खड्ड्यात. टाकीचा काठ माणसाच्या छातीएवढा उंच आहे. तुकडा टाकीत जायचा तर उचलून टाकावा लागतो. देवू आणि मितेश तेव्हा गाडीत होते. मागे राहिले दोघं. त्यातल्या विनोदला वाटतं की प्लॅस्टिकचं ॲसिडमध्ये काही होत नाही. ज्याला असं वाटतं तो पुरावा लपवायला ॲसिडमध्ये टाकणार नाही. तुकडा तिथं जसाच्या तसा सापडेल या भीतीनं तो टाकी सोडून दुसरीकडे कुठंही टाकील.” त्या क्षणभर थांबल्या. “ॲसिडमध्ये तो टाकील, ज्यानं नायलॉन विरघळताना पाहिलाय.”

 पंपाची घरघर तेवढी चालू होती.

“मॅडम, जरा आत याल?” जितेश म्हणाला. “दोन मिनिटं. फक्त तुम्ही.”

७

खोलीत भिंतीवर हेल्मेट आणि चष्म्यांची चित्रं होती. जितेशनं दार लोटलं, पण तो बसला नाही.

“पांढरा दोर त्यानं आणला त्याच दिवशी मी ओळखला,” तो म्हणाला. “हातात घेऊनही पाहिला. त्याला म्हणणार होतो, हा इथं चालत नाही. पण मग काम थांबलं असतं. पिवळा दोर मीच ताडपत्रीला सोडून दिला होता. नव्याची ऑर्डर टाकायला विसरलो होतो. ते सगळं मितेशभाईंसमोर आलं असतं. मला वाटलं, दोन दिवस चालून जाईल. मग ऑर्डर टाकतो.”

“आणि मग?”

“मग विसरलो नाही, मॅडम. तेच तर आहे. रोज आठवायचं. रोज दोर पांढराच दिसायचा. मी मनाशी म्हणायचो, काल नाही तुटला ना.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “तो पडला तेव्हा मी ते टोक पाहिलं. हात लावला तर चुरा. कुणीही माहीतगार पाहील तर पहिला प्रश्न मलाच विचारील, तुला माहीत नव्हतं का? पट्टीपर्यंतचा सगळा दोर तसाच झाला होता. मी फक्त तेवढा कापून टाकला. देवूला अडकवायचं माझ्या मनात नव्हतं. शपथ घेतो.”

“पण त्याला नेलं तेव्हा तू गप्प राहिलास.”

“हो.”

“मी फोन केला तेव्हा मलाही म्हणालास, कापलेला आहे.”

“ते खोटं नव्हतं,” तो पुटपुटला आणि लगेच मान खाली घातली.

बाहेर माणसं थांबली होती. जितेश खालच्या आवाजात बोलू लागला. “मॅडम, माझी आई तुम्हाला ओळखते. भात कापून झाला की दरवर्षी तुमच्याकडे पोह्यांची पिशवी पाठवते. तुम्ही म्हणू शकता की दोर कुजला आणि तुटला. इतकंच. देवू सुटेल. टोक कुणी कापलं ते कळत नाही, असं म्हणा. तुमचं ते ऐकतील.”

त्यांनी ऐकलं असतं, हे खरं होतं. आणि ते क्षणभर बाईंना हवंसंही वाटलं. त्याच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. या मुलाचं नाव निघेल तिथं त्यांचंही निघणार होतं. आपल्या मनात हे आलं, याची त्यांना त्याच्या अपराधाइतकीच शरम वाटली.

“मी तुला कुठला धागा कशात विरघळतो ते शिकवलं,” त्या म्हणाल्या. “तो माणसाच्या कमरेला असतो हे शिकवायचं राहिलं.”

त्यांनी दार उघडलं. फौजदारांना म्हणाल्या, “आत या. याला तुम्हाला काही सांगायचंय. यानं नाही सांगितलं तर मी सांगते.”

जितेशनं सांगितलं. सगळं, उभ्यानं. मितेश ऐकता ऐकता पायरीवर बसला आणि “मला विचारायला पाहिजे होतं ने, मी एकदाही विचारलं नाही,” असं दोनदा म्हणाला. विनोदनं तोंड फिरवलं.

८

पालघरच्या कोर्टातून देवू सुटला त्या दिवशी ऊन कडक होतं. फाटकाबाहेर बायडी उभी होती. जरा अंतरावर, कडुनिंबाच्या बुंध्याआड, सुलू. तिनं मुलींना पुढं धरलं होतं आणि स्वतः मागे राहिली होती.

देवू बाहेर आला. मुली धावत गेल्या. सुलू जागची हलली नाही. पोलिसांसमोर तिनं भावाला खुनी म्हटलं होतं, घरात त्याचं नाव घ्यायचं नाही असं पोरींना बजावलं होतं. आता तो समोर आला तर तिला चेहरा कुठं ठेवावा ते कळेना. देवूही पुढं जाईना. लग्नातलं ते वाक्य त्याच्याही मनातून गेलेलं नव्हतं.

शेवटी तो मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, बहिणीकडे न बघता म्हणाला, “पोरी जेवल्या का?”

“नाय,” सुलू म्हणाली. “तुझ्यासाठी थांबल्या.”

मग ती रडायला लागली. देवूनं तिला जवळ घेतलं नाही, पण तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि तिचं रडणं संपेपर्यंत तसाच राहिला.

हेमांगीबाई हे सगळं फाटकापासून पाहत होत्या. बायडीपाशी जाऊन त्या म्हणाल्या, “त्या दिवशी सगळ्यांसमोर मी चुकीचं बोलले. आता सगळ्यांसमोरच माफी मागते.” तिथं पाड्यावरची माणसं होती, त्यांनी ऐकलं. बायडीनं मान डोलावली. माफ केलं की नाही ते त्यातून कळलं नाही.

सुलू डोळे पुसत त्यांच्याकडे आली.

“बाई, खरं सांगा. मी दुसरा दोर आनला असता तर तो जगला असता?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. “हो,” त्या म्हणाल्या. “पण तुला कुणी सांगितलंच नव्हतं. तू सगळ्यात मजबूत मागितलास, दुकानदारानं सगळ्यात मजबूत दिला. ज्याला माहीत होतं त्यानं तो खड्ड्यात जाऊ दिला. दोष तुझा नाही, सुलू. त्याचा आहे.”

 सुलूच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं.

“त्याला तुमीच शिकवलंत ना?”

“हो.”

“चांगला शिकला व्हता?”

“सगळ्यांत चांगला,” हेमांगीबाई म्हणाल्या.

 मनोरकडे जाणारी जीप आली तशी सुलू मुलींना घेऊन वळली. देवूनं दोघींना उचलून आत बसवलं, बायडी चढली, सुलू चढली. जीप निघून गेली. कोर्टातून बाहेर पडणाऱ्यांपैकी ओळखीच्या एका वकिलानं बाईंना हाक मारून अभिनंदन केलं, केस छान उलगडलीत म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पदर सारखा करत त्या उन्हातून स्टेशनच्या दिशेनं चालू लागल्या.